कारंज्याजवळची थंड फरशी

"अहो, थांबा! पाय नका ठेवू—"

तोवर तिनं ठेवलासुद्धा! चप्पल काढून, अनवाणी, भर दुपारी, चौकातल्या काळ्याभोर फरशीवर. पुढच्याच क्षणी ती "आई गं... आई गं..." करत एका पायावर नाचत होती, आणि तोल जाऊन ज्याच्या दंडाला लटकली तो नेमका तिला थांबवणाराच होता.

त्याच्या हातात बंदुकीसारखं काहीतरी होतं. त्यानं ते अगदी गंभीर चेहऱ्यानं तिच्या तळव्यावर रोखलं, चाप ओढला आणि मागचा आकडा वाचला. "छत्तीस. फरशी अठ्ठावन्न आहे. थोडक्यात वाचलात."

"तुम्ही काय लोकांचे पाय मोजत फिरता?"

"छे. मी फरश्या मोजतो. पाय आज पहिलाच."

हसायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण हसू फुटलंच. त्याचं नाक उन्हानं सोलवटलं होतं, डोक्यावरच्या टोपीचा मूळ रंग कुठला ते देवालाच ठाऊक, आणि या अवतारात तो समोरच्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. आपला एक हात अजून त्याच्या दंडावरच आहे हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं. तिनं तो चटकन काढला आणि चप्पल शोधायचं निमित्त केलं.

आता ही बया भर उन्हात फरशीवर अनवाणी पाय ठेवायला का गेली? तर हा अख्खा चौक तिनं कॉम्प्युटरमध्ये बांधला होता. शहर आखणाऱ्यांच्या ऑफिसात तिचं तेच काम. सूर्य कुठल्या वेळी कुठे असेल, कुठल्या भिंतीची सावली कुठवर जाईल, उन्हातली फरशी किती तापेल आणि सावलीतली किती निवेल, हे सगळं ती पडद्यावर मांडून दाखवायची. तिच्या आकड्यांवरून ठरणार होतं की चौकात झाडं कुठे लावायची आणि छतं कुठे टाकायची. पण बसायचं सदा गार खोलीत. म्हणून त्या दिवशी तिला वाटलं, आपण जे आकडे मांडतो ते एकदा स्वतःच्या पायानं बघावेत. बघितले!

"म्हणजे फरशीच्या नोंदी ऑफिसला पाठवता ते तुम्हीच?" तिनं विचारलं.

"आणि 'भिंतीजवळची नोंद पुन्हा घ्या, नीट घ्या' असं खडसावून कळवणाऱ्या तुम्ही?"

"तुमचा तीन आणि आठ सारखाच दिसतो. मी काय अंदाजानं लिहू?"

"मग फोनवर सांगत जातो ना," तो म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

तिला घरी ठिणगी म्हणत. हे नाव तिच्या ताईनं ठेवलेलं, आणि ते का ठेवलं ते पुढे कळेलच. ऑफिसात त्याला सगळे मोजणीवाला म्हणत, म्हणून तीही म्हणू लागली.

तर त्यानंतर रोज दुपारी मोजणीवाल्याचा फोन यायचा. चौकात फरश्यांवर पांढऱ्या रंगाच्या फुल्या मारलेल्या होत्या... एक बसथांब्याच्या भिंतीशी, एक जुन्या झाडाखाली, एक दुकानांच्या ओळीसमोर, अशा. प्रत्येक फुलीवर फरशी किती तापली ते तो मोजायचा आणि मग तिला वाचून दाखवायचा. काम म्हणाल तर पाच मिनिटांचं. फोन मात्र अर्धा तास चालायचा!

"आज काय गंमत सांगू? बसला थांबलेली माणसं विजेच्या खांबाच्या सावलीत उभी आहेत. एकामागे एक, सरळ रेषेत. सावली सरकते तशी अख्खी रांग सरकते."

"खोटं."

"तुमची शपथ."

"माझी कशाला? स्वतःची घ्या."

"माझी खोटी निघाली तर चालेल... तुमची कशी घालू खोटी?"

असलं काही बोलला की ठिणगी टेबलावरच्या पेन्सिली उगाच सरळ करत बसायची. मग तोच घाईनं म्हणायचा, "बरं, थांबा हं, ठेवू नका. एक फुली राहिलीय... कारंज्याजवळची." की पुन्हा दहा मिनिटं.

घरी ताईच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. "तुझ्या तोंडी हल्ली फरशीशिवाय विषय नसतो गं," ती म्हणायची. "फरशी एवढी गोड असते का?" त्यावर भाऊजी पेपराआडून खाकरायचे, आणि ठिणगी ताट उचलून स्वयंपाकघरात पळायची. प्रेमात पडलीय हे तिला कळलं होतं. कबूल कोण करणार?

आणि मग एके दिवशी फोनमध्ये ते हसू ऐकू आलं.

बाईचं हसू. मोकळं, खळखळून, अगदी फोनच्या जवळ. पाठोपाठ एक आवाज, "अरे हिरो, विचारलंस का रे?" आणि मोजणीवाला दबक्या आवाजात म्हणाला, "गप गं जरा."

गप गं! ठिणगीला तो अजून अहो-जाहो करत होता.

"कोण आहे तिथे?" तिनं होता होईल तेवढ्या थंड आवाजात विचारलं.

"कोण? अं... ती रोपवाली. झाडं तीच पुरवणार आहे ना. रोपं ठेवायला जागा बघायला येते."

"रोज येते?"

"येते की. भारी आहे हं पण ती! एवढाल्या कुंड्या एकटी उचलते."

झालं! ठिणगीच्या अंगाचा तिळपापड झाला. कुंड्या उचलते म्हणे. आपण अख्खा चौक उचलून पडद्यावर ठेवला, त्याचं कौतुक नाही कुणाला. त्या दिवशी तिनं नोंदी उतरवून घेतल्या आणि 'बरं, ठेवते' म्हणून खरंच ठेवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या गाडीतून जाताना मुद्दाम चौकावरून न्यायला लावली. रोपवाली दिसलीच. उंचनिंच, बाह्या सरसावलेल्या, हातात ही मोठ्ठी पिवळी छत्री. दोघं कशावर तरी खिदळत होते. ठिणगीनं काच वर केली आणि चालकाला उगाचच म्हणाली, "किती हळू चालवता हो तुम्ही!"

तरी तिनं मनाला समजावलं असतं. सांगून ठेवते, पोरगी तशी समजूतदार होती. पण मधे आली ती कारंज्याजवळची फरशी.

त्याचं असं झालं. ऑफिसातले साहेब मागे लागले होते की कॉम्प्युटरमधला चौक खऱ्या चौकाशी जुळतोय हे एकदा दाखवा, म्हणजे झाडांचं काम सुरू करता येईल. ठिणगीनं आकडे शेजारी शेजारी मांडले. भिंतीजवळ जुळले. झाडाखाली जुळले. दुकानांसमोर तर असे जुळले की तिनं स्वतःलाच शाबासकी दिली. आणि कारंज्याजवळ? तिथे कॉम्प्युटर सांगत होता की फरशी सणसणीत तापलेली असणार, आणि मोजणीवाल्याच्या नोंदी सांगत होत्या की ती रोजच्या रोज आठ-नऊ अंशांनी थंड आहे. कारंजं कोरडं ठणठणीत. जवळ झाड नाही, भिंत नाही, खांबसुद्धा नाही. सगळ्यांत सोपी जागा, आणि तिथेच घोडं अडलेलं.

आधी तिनं आपलीच चूक शोधली. दगडाचा रंग तपासला, वारा तपासला, सूर्य तर दोनदा तपासला. काही सापडेना. आणि मग तिच्या डोक्यात ते आलं, जे आलं नसतं तर बरं झालं असतं. फरशी सावली विसरत नाही. कुणी तिच्यावर बराच वेळ सावली धरली, तर सावली सरल्यावरही ती लगेच तापत नाही, बराच वेळ गारच राहते. मग तिथे कुणी उभं असेल तर?

तिनं कॉम्प्युटरमधल्या चौकात, कारंज्याजवळ, एक माणूस उभा केला. दुपारी, मोजायच्या आधी अर्धा तास. फरशी निवली, पण थोडीच. माणसाची सावली ती केवढी, सूर्य डोक्यावर असताना! मग तिनं त्या माणसाच्या डोक्यावर छत्री धरली. मोठी छत्री.

आकडा तंतोतंत जुळला.

ठिणगी पडद्याकडे बघत राहिली. मोजणीवाल्याकडे छत्री नव्हती, त्याची ती कळकट टोपी होती. छत्री कुणाची हे सांगायला कॉम्प्युटर लागत नव्हता. म्हणजे रोज दुपारी, अर्धा अर्धा तास, ती दोघं एका छत्रीखाली! आणि वेळ कुठली? तर त्याच्या फोनची. म्हणजे हा गृहस्थ तोंडानं हिच्याशी गोड बोलत होता आणि उभा होता तिला चिकटून. 'तुमची खोटी शपथ कशी घालू' म्हणे!

ती स्वच्छतागृहात जाऊन रडली. तोंड धुतलं, आरशात बघितलं, पुन्हा रडली. आणि परत येऊन, नाकाचा शेंडा लाल असतानाच, तिनं साहेबांना लिहून टाकलं की चौकातल्या नोंदी भरवशाच्या नाहीत, मोजणारा फुलीवर सावली पडू देतो, तरी मोजणारा बदलावा. यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तर तिनं ते बेधडक पाठवून दिलं.

साहेब मुळात कमी बोलणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टेबलाशी थांबले. "त्याला बंदरावर पाठवतोय. तिथल्या धक्क्याची मोजणी आहे, वर्षभर चालेल. आज दुपारी जाऊन त्याच्याकडून सगळं समजून घ्या."

"बंदरावर? म्हणजे... गावच सोडून?"

"तुम्हीच लिहिलंत ना, बदला म्हणून?"

ठिणगीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला तो चौकातून जायला हवा होता, त्या छत्रीखालून जायला हवा होता... गावातून कुठे जायला हवा होता? पण आता बोलणार काय? साहेब निघूनही गेले.

दुपारी ती चौकात पोचली तेव्हा डोळे उघडवत नव्हते असं ऊन होतं. ती बसथांब्याच्या खांबाआड थांबली. मनाशी ठरवून आली होती, आधी दोघांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, मग बोलायचं ते बोलायचं.

कारंज्याजवळ पिवळी छत्री होतीच. छत्रीखाली मात्र रोपवाली नव्हती. कुणीच नव्हतं. खरं तर मोजणीवालाही धड छत्रीखाली नव्हता. त्यानं फोन कारंज्याच्या कट्ट्यावर ठेवला होता, त्याच्यावर छत्री धरली होती, आणि स्वतः वाकून, मान आणि पाठ उन्हात ठेवून, फोनवर कुणाचा तरी नंबर लावत होता. छत्रीची गोल सावली कट्टा ओलांडून बरोबर पांढऱ्या फुलीवर पसरली होती.

ठिणगीच्या पर्समधला फोन वाजला.

तिनं तो कानाला लावला.

"हॅलो? ऐकू येतंय ना?" तिकडे कारंज्याशी त्याचे ओठ हलले, इकडे तिच्या कानात आवाज आला. "आज नोंदी जरा हळूहळू सांगतो हं. शेवटच्याच आहेत... माझ्या. उद्यापासून मला बंदरावर पाठवतायत. कुणीतरी तक्रार केली म्हणे, माझ्या नोंदी खोट्या आहेत म्हणून."

"खोट्या नाही लिहिलं," ती पुटपुटली.

"अं? तक्रारीचं जाऊ द्या हो. मला वाईट कशाचं वाटतं सांगू? म्हणजे... मी रोज एक गोष्ट विचारीन विचारीन म्हणतो, आणि रोज ती एक फुली मोजून फोन ठेवून देतो. ती रोपवाली मला शिव्या घालते. म्हणते, छत्री दिली ती फोन गार ठेवायला, तुझी हिंमत गार करायला नाही."

"फोन गार ठेवायला?"

"उन्हात तापून बंदच पडायचा ना, तुम्ही बोलत असतानाच! म्हणून तर छत्री मागितली तिच्याकडून. बदल्यात तिच्या रोपांना पाणी घालतो रोज."

तेवढ्यात थांब्यावर बस आली आणि तिनं कर्कश भोंगा वाजवला. मोजणीवाल्यानं फोनकडे बघितलं. मग थांब्याकडे. एकच भोंगा दोन्हीकडून ऐकू आला होता. तो हळूच सरळ झाला, छत्री तशीच हातात धरून वळला, आणि खांबाआडून डोकावणारी ठिणगी त्याला दिसली. रडून रडून नाक लाल झालेली, कानाला फोन लावलेली.

"तुम्ही? इथे?"

"तक्रार मी केली," ती फोनमध्येच म्हणाली. समोरासमोर म्हणायचा धीर नव्हता. "मीच लिहिलं साहेबांना."

त्यानं फोन बंद करून खिशात टाकला आणि तिच्याकडे चालत आला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"का?"

"कारण तुमच्या फुलीवर छत्रीची सावली पडते. अर्धा तास. मी हिशेब केलाय."

त्यानं मागे वळून फुलीकडे बघितलं, हातातल्या छत्रीकडे बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! खरंच की! शिकाऊ पोरंसुद्धा करणार नाहीत अशी चूक..." मग पुन्हा तिच्याकडे वळला. "पण हे मला सांगायचं ना. फोन रोज होत होता आपला. सरळ साहेबांना?"

"मला वाटलं, छत्रीखाली ती आहे."

"कोण ती?"

"ती! कुंड्या उचलते ती! हसते ती! जिला गप गं म्हणता ती!" ठिणगीचा आवाज चढला. बससाठी थांबलेल्या माणसांची खांबाच्या सावलीतली रांग वळून बघायला लागली. "मला राग आला. मला तिचा इतका राग आला की माझं डोकं चालेना. तुम्ही दुसऱ्या कुणाबरोबर हसलेलं मला सहन होत नाही, त्याला मी काय करू? आता जा बंदरावर. आणि मी बसते इथे रडत."

मोजणीवाल्यानं टोपी मागे सारून तिच्याकडे बघितलं. नाराजी आणि आनंद एकाच चेहऱ्यावर कसे मावतात ते त्या दिवशी कुणीही बघून घ्यावं.

"म्हणजे तू सूर्य मोजलास, वारा मोजलास, छत्रीचा घेर मोजलास," तो म्हणाला, "आणि त्या वेळी माझ्या कानाशी रोज कोण होतं, ते तेवढं हिशेबात धरलं नाहीस? अगं, ती फरशी तुझ्यामुळे थंड झालीय. तुझा फोन ठेववत नाही म्हणून मी तिथे खिळून उभा असतो."

अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. ठिणगीला एवढंच कळलं की इतके दिवस ती जिच्या नावानं बोटं मोडत होती, ती बाई ती स्वतःच होती. तिला लाज वाटली. भयंकर लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की कुठे बघावं सुचेना.

पण लाजून बदली थोडीच रद्द होते! तिनं तिथेच साहेबांना फोन लावला.

"साहेब, त्या फुलीवर सावली पडत होती हे खरं आहे. पण चूक एकट्याची नाही. ती माझ्यामुळे पडत होती."

"तुमच्यामुळे? तुम्ही तर ऑफिसात असता."

"हो साहेब... पण फोनवर असते. अर्धा अर्धा तास."

पलीकडून साहेबांनी घसा साफ केला. "नोंदींसाठी?"

"सुरुवातीला नोंदींसाठीच, साहेब."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "असं करा," साहेब शेवटी म्हणाले, "त्या फुलीची खरी नोंद आजच्या आज मला द्या. तुमच्या आकड्याशी जुळली, तर चूक छत्रीची होती असं मी समजेन. नाही जुळली, तर तो बंदरावर जाईल आणि तुमचं मॉडेल पुन्हा पहिल्यापासून. आणि हो... फोन आवरता घ्या जरा."

छत्री मिटली. आता फरशी पुन्हा तापेपर्यंत वाट बघायची होती, आणि तिच्यावर कुणाची सावली म्हणून पडू द्यायची नव्हती. दोघं जाऊन दुकानांसमोरच्या बाकावर बसली. मधे हातभर अंतर. फुलीकडून कुणी जायला लागलं की मोजणीवाला ओरडायचा, "काका, जरा पलीकडून!" आणि ठिणगी वर बघत होती. पश्चिमेला एक पांढरा ढग रेंगाळत होता. तो सूर्याकडे सरकला की तिचा जीव खालीवर व्हायचा.

"नाही जुळला तर?" ती म्हणाली.

"तुझा हिशेब आहे ना? मग जुळेल."

"माझ्या हिशेबानं तर तू तिच्याबरोबर होतास."

"छत्री होती. तेवढं बरोबर निघालं की नाही?"

ती रडता रडता हसली. हातभरातलं निम्मं अंतर कुणीतरी कमी केलं. दोघंही नंतर दुसऱ्याचं नाव घेत.

"रोज काय विचारणार होतास?" तिनं ढगाकडेच बघत विचारलं.

"काही नाही. हेच, की... नोंदी संपल्यावरही मी फोन केला तर चालेल का. काम नसताना. म्हणजे कायमच."

"आणि मी 'नाही' म्हटलं असतं तर?"

"तर म्हणालो असतो, थांबा, एक फुली राहिलीय."

ढग वाट वाकडी करून निघून गेला. ठिणगी उठली. आपली सावली मागे पडेल अशी बेतानं उभी राहिली, कारण त्या दिवशी फुलीच्या बाबतीत कुणावर भरवसा ठेवणं तिला परवडणार नव्हतं, अगदी स्वतःवरसुद्धा. मोजणीवाल्यानं बंदूक तिच्या हातात दिली. "तूच घे. माझ्या नोंदी भरवशाच्या नाहीत."

तिनं चाप ओढला. आकडा बघितला. पुन्हा ओढला, पुन्हा बघितला. आणि मग काही न बोलता ती मागे वळली आणि भर चौकात, रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर, तिनं आपलं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. जुळला होता.

साहेबांना आकडा कळवला. त्यांचं उत्तर एका शब्दाचं आलं, 'राहू दे.'

परत निघताना मोजणीवाला म्हणाला, "एक विचारू? पुन्हा कधी असा संशय आला तर काय करशील?"

"येणारच. माझा स्वभावच तसा आहे, आत्ताच सांगून ठेवते."

"येऊ दे. पण मग?"

ठिणगीनं प्रामाणिकपणे विचार केला. तिला खोटं बोलवेना.

"आधी तुला विचारीन," ती म्हणाली. "साहेबांना नंतर लिहीन."